वर जाऊन आलात का?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर आली होती, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, खोलीतलं छत पोपडे धरून निघालेलं होतं, आणि रंगकाम करणारे उस्ताद पलंगाच्या कडेला उभे राहून, कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून वर बघत होते. उजेडात धरलेला एक्स-रे डॉक्टर बघतात तसे. मग मान खाली न घेताच त्यांनी विचारलं, "सर, वर जाऊन आलात का?"

"हो," मी म्हणालो.

गेलो नव्हतो. दोन वर्षं गच्चीवर पाऊल टाकलं नव्हतं. आमचा जिना उभा आहे, त्याला कठडा एकाच बाजूनं, आणि माझा डावा गुडघा पायरी चढताना कुरकुरतो आणि उतरताना सरळ दगा देतो. पण गुडघ्याचं कारण सांगायला दोन वाक्यं लागली असती आणि "हो" म्हणायला काहीच लागलं नाही. उस्तादनं मान खाली घेतली, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गुडघ्याला बांधलेल्या काळ्या पट्ट्याकडं बघितलं आणि "बरं" म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं असतं तर मी कबूलही झालो असतो कदाचित. पण नुसतं "बरं". बँकेत तीस वर्षं काढली, खोट्या सह्या ओळखल्या, खोटे सातबारे ओळखले. आपलं खोटं समोरच्यानं ओळखून बाजूला ठेवलं की कसं वाटतं, ते मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आमच्या घरात छताकडं बघणारा माणूस एकच, अण्णा. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पलंगावर आहेत. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात, दुपारी दारात खुर्ची टाकून तासभर बसतात, बाकी वेळ पाठीवर. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळं वरचे पोपडे त्यांना पोपडे दिसतच नाहीत, नकाशा दिसतो. सप्टेंबरच्या पावसात पंख्याच्या हुकाशेजारी पहिला डाग उमटला, तेव्हा त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "उस्मानाबाद उगवलंय बघ." (धाराशिव म्हणायची त्यांना अजून सवय नाही, म्हणतात, नकाशावर एकदा हातानं लिहिलेलं नाव रबरानं सहज पुसलं जात नाही.) पंधरा दिवसांनी डागाच्या पूर्वेकडची कड उचलली, पापुद्रा लोंबला आणि एका रात्री सुटून पडला. सकाळी अण्णा खुशीत होते. "१९८२ ला उस्मानाबादेतून लातूर निघालं ना, तस्संच निघालंय. आता थांब, परभणी तिकडं कोपऱ्यात तयार होतीय, तिच्यातून हिंगोली निघायला वेळ लागतो. १९९९ उजाडावं लागलं होतं."

माझ्या बायकोला या भूगोलाचं कौतुक नव्हतं. रोज सकाळी चादर झटकायची तिनं, फरशीवरचा पांढरा चुरा गोळा करायचा तिनं. एकदा अण्णांच्या कवळीच्या वाटीत एक पापुद्रा तरंगताना दिसला, पिवळट, बोटाच्या पेराएवढा, काठ वर वळलेला, आणि ती वाटी तशीच माझ्यासमोर आणून ठेवली. बोलली काहीच नाही. मी त्याच संध्याकाळी उस्तादला फोन केला.

त्या दिवशी उस्तादनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, आत्ता रंगवू नका. स्लॅब पाणी प्यायलाय, त्याला सुकू द्या. दुसरी, विश्वास नसेल तर एक साधा प्रयोग करा. हातभर प्लास्टिकचा कागद छताला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. कागदाच्या स्लॅबकडच्या बाजूला घाम आला तर ओल वरून येतीय, खोलीकडच्या बाजूला आला तर ती खोलीतली वाफ. किती सोपी परीक्षा. पण दोन दिवस म्हणजे दिवाळी दोन दिवसांवर. पुण्याहून बहीण येणार, तिची पोरं येणार. मी म्हणालो, "उस्ताद, सध्या वरवर मारून द्या. दिसायला नको एवढंच." ते म्हणाले, "मारतो. पण ग्यारंटी मागू नका." मारलं. सुटे पोपडे पत्र्यानं काढले, खड्ड्यात पुट्टी भरली, घाईघाईत घासली, वर पांढऱ्या प्लास्टिक पेंटचे दोन हात. लक्ष्मीपूजनाला खोली अशी उजळली की अण्णा म्हणाले, "दवाखान्यात आणल्यासारखं वाटायलंय."

बहिणीनं छताकडं बघितलंसुद्धा नाही. कोण बघतं?

मार्गशीर्षात फोड आला. उडदाचा पापड तव्यावर टाकल्यावर येतो तसा, आधी रुपयाएवढा, मग वाटीएवढा. बोट लावलं तर आत पाणी हललं. प्लास्टिक पेंटचा पडदा रबरासारखा असतो. पाणी मागून आलं की तो एकदम फाटत नाही, पिशवीसारखा धरून ठेवतो. तीन दिवस धरला आणि चौथ्या दिवशी पहाटे अण्णांच्या पायावर फुटला. गार पाणी, वाटीभरच असेल, पण झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाटीभर आणि घागरभर यांतला फरक कळत नाही. मी धावत गेलो तर ते उठून बसायचा प्रयत्न करत होते आणि म्हणत होते, "पहिल्यांदा आजीला बाहेर काढ. आजीला बाहेर काढ."

आजी जाऊन एकवीस वर्षं झाली.

ही आजी, म्हणजे अण्णांची आई, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी माळवदाच्या घरात राहायची. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला माळवद समजावून सांगणं कठीण जातं. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, त्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला-काड्या आणि सगळ्यांत वर हातभर माती. कसलीही माती चालत नाही. गावच्या पांढरीतली, जुनी वस्ती मोडून झालेली राखाडी चिवट माती लागते, ती पाणी आत उतरू देत नाही. उन्हाळ्यात आत असं गार की दुपारी पायावर पांघरूण घ्यावं. छताला मधोमध एक साणं, उजेडासाठी. त्यातून उन्हाची पट्टी सकाळी चुलीवर यायची आणि दुपारी रांजणावर, आजीला घड्याळ लागायचं नाही. आम्ही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत माळवदावर पळापळी करायचो आणि खाली पिठात, ताकात, कालवणात माती पडायची. मग साण्यातून आजीचा आवाज वर यायचा, "वर कोण नाचतंय रं मुडद्यांनो?" आम्ही एकदम चिडीचूप व्हायचो आणि चवड्यांवर चालत कडेपर्यंत जायचो, आणि तरी तिला कळायचं कोण कुठं आहे. मातीच्या पडण्यावरून.

मृगाच्या आधी दरसाल माळवदावर नवी पांढरी पडायची. आजोबा टोपल्यांनी माती वर चढवायचे, पसरायचे, पायानं तुडवायचे, उतार बघायचे, पन्हाळ्याचं तोंड मोकळं करायचे. दोन दिवसांचं काम. त्याला कुणी दुरुस्ती म्हणत नव्हतं. पेरणीआधी वखर फिरतो तसं ते एक काम होतं. एखाद्या वर्षी राहिलं तर पावसाळाभर घरात परातीच परात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून सगळे गाढ झोपलेले, चारला काही मिनिटं कमी. भूकंप झाला ते किल्लारी लातूरहून चाळीसेक किलोमीटर. आम्ही शहरातल्या स्लॅबच्या घरात होतो, भांडी पडली, भिंतीला रेघ गेली, एवढंच. गावाकडं जी घरं माणसांना उन्हात गार ठेवत होती तीच त्यांच्या अंगावर आली. ती दरसालची माती, थरावर थर, टनावारी. आमच्या गावात माणसं कमी गेली, घरं बहुतेक सगळी. आजी अंगणात बाजेवर झोपलेली होती म्हणून राहिली. अण्णांनी तिला लातूरला आणलं, त्यालाही आठ दिवस लागले. ती ढिगाऱ्यासमोरून उठेना.

आमच्या नव्या घरात तिनं सुरुवातीला दीड वर्षं अंगणात काढली, वर पत्रा टाकून. नंतर आत आली, पण अंथरूण दारातच, डोकं उंबऱ्याच्या बाहेर. पायावर काही पडलं तर पडो, डोकं सुटलं पाहिजे, असा तिचा हिशेब. एकदा मी तिला आत हाताला धरून फिरवलं. ती वर बघत चालत होती. "ह्याच्यावर माती किती हाय?" माती नाही आजी, सिमेंट आहे, आत सळया आहेत. "मग दरसाल वर काय टाकता?" काहीच टाकावं लागत नाही. ती थांबली. मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. पण ती म्हणाली, "असं कसं? छताला दरसाल हात लावावा लागतंय." मी हसलो होतो. चोवीस वर्षांचा होतो, नवीन नोकरी होती, आणि सिमेंटवर माझा फार विश्वास होता.

माझाच कशाला, सगळ्या गावाचा. अण्णांनी १९८८ साली कर्ज काढून हे घर बांधलं तेव्हा स्लॅबचा दिवस लग्नासारखा होता. मांजरेची वाळू, स्लॅब टाकणारी वीस माणसं, दुपारी सगळ्यांना बुंदी. मग वर मातीची आळी करून पंधरा दिवस पाणी साठवलं. अण्णा शाळेतून आले की चपला काढून त्या पाण्यात उभे राहायचे. स्लॅब पडला म्हणजे वरचं काम संपलं, आता आयुष्यभर वर बघायचं नाही, अशी समजूत. आता कळतं की ती समजूत पैसे देऊन घेतलेली होती.

फोड फुटल्यानंतरच्या रविवारी मी वर गेलो. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, लहान मूल चढतं तसं. वरच्या दाराची कडी गंजून बसली होती, ती चपलेनं ठोकून काढली.

पावसाचं पाणी ज्या पाइपातून खाली जातं त्याच्या तोंडावर लिंबाच्या पाल्याचा हातभर थर कुजून, वाळून, टोपीसारखा बसला होता. म्हणजे सप्टेंबरातला सगळा पाऊस (तो काही साधा नव्हता, मांजरा, तेरणा काठ सोडून धावल्या, लोकांची शेतं मातीसकट वाहून गेली, आणि मी इथं छताच्या रंगाची रड सांगतोय याची लाजही वाटते) आमच्या स्लॅबवर आठ-दहा दिवस तळं करून बसला असणार. तळ्याची काळी कड कठड्यावर चार बोटं उंचीवर स्पष्ट दिसत होती. पण खरा चोर पलीकडं होता. दुसरी टाकी. तिच्या आतला बॉल झिजला होता, पाणी बंद होत नव्हतं, वरच्या पाइपातून थेंब थेंब गळत होता. मी घड्याळ लावून बघितलं, चार सेकंदांना एक. थेंब जिथं पडत होता तिथून केसाएवढी एक भेग निघून बरोबर अण्णांच्या पंख्याच्या दिशेनं गेली होती.

ही टाकी २०१६ ची. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं, मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. टीव्हीवर सगळ्या देशानं ती गाडी बघितली. आम्ही गाडीपेक्षा टँकरचा हॉर्न ऐकायला कान लावून बसायचो. अण्णांनी तेव्हा ही हजार लिटरची काळी टाकी आणली, पहिली टाकी असताना, आणि जागा नव्हती म्हणून नुसती स्लॅबवर टेकवली. दुष्काळ सरला, टाकी राहिली. ती कायम भरलेली हवी आणि तिच्यातलं पाणी वापरायचं नाही, असा नियम. अजूनही दर आठ-पंधरा दिवसांनी ते पलंगावरून विचारतात, "मागची टाकी भरलीय का?" आणि मी जेवता जेवता, पेपर वाचता वाचता म्हणतो, "हो." तो "हो"सुद्धा खालूनच.

टाकीच्या मागं कठड्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. वाकलो. अण्णांचं फळ्यावरचं अक्षर, सुटं, टपोरं. तारखा होत्या. नळ कधी आला, किती वेळ होता, कोणती टाकी कुठपर्यंत भरली. खाली खाली रांग जात होती, आणि दोन तारखांमधलं अंतर वाढत वाढत गेलं होतं. शेवटी शेवटी तर तारीख टाकून पुढं नुसती आडवी रेघ. म्हणजे नळाची वाट बघितली, आला नाही, आणि न आल्याचीही नोंद ठेवली. त्यांच्या वयाच्या माणसानं तेव्हा हा जिना रोज चढून केलेलं हे काम, आणि मला दहा वर्षांत त्याचा पत्ता नाही.

उस्तादला पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, वर जाऊन आलो. "मागच्या बारीला नव्हतो गेलो." ते हसले. "ठाऊक होतं सर. गच्चीवर जाऊन आलेल्या माणसाच्या पायाला पाला लागलेला असतो."

शेजारच्या कुलकर्ण्यांनी दरम्यान सल्ला दिला होता की पीओपीचं खोटं छत मारून घ्या, दिवे सोडा, वरचं काही दिसणारच नाही. त्यांच्या घरी तसं आहे आणि छान दिसतं. पण मला त्या सल्ल्याची भीती वाटली. दिसणारच नाही, हेच तर मी दिवाळीत करून बघितलं होतं.

काम वरून सुरू झालं. पाला काढला, भेग पत्र्यानं उकरून रुंद केली, भरली, उतार बसवला, मग जाळी अंथरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा. तो थर कठड्यावरही फूटभर चढवावा लागतो, नाहीतर पाणी सांध्यातून उतरतं. फूटभर म्हणजे अण्णांच्या नोंदीतल्या खालच्या आठ-नऊ ओळी त्याच्याखाली गेल्या. उस्ताद ब्रश हातात धरून थांबले होते. मी म्हणालो, मारा. वरच्या ओळी आहेत अजून. अण्णांना हे मी सांगितलेलं नाही आणि सांगेन असं वाटत नाही.

टाकीवरून मात्र तीन दिवस भांडण. "टाकी हलायची नाही," अण्णा म्हणाले. आता नळाला पाणी येतं म्हटलं, तर म्हणाले, "तेव्हाबी यायचं." याला उत्तर नव्हतं. तोडगा उस्तादनं काढला. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. ते नुसत्या स्लॅबच्या पोटावर ठेवण्यापेक्षा बाथरूमच्या बाजूला, खाली जिथं भिंत आणि बीम आहे तिथं विटांचे खांब उभारून वर ठेवायचं. गळालं तरी लगेच दिसेल, आणि खाली कुणाचा पलंग नाही. "गुर्जी, टाकी तुमचीच, फक्त तालुका बदलायलाव," ते म्हणाले, आणि अण्णांना हे एकदम पटलं.

मग सुकायला तीन आठवडे. प्लास्टिकचा कागद लावला. पहिल्यांदा घाम आला, स्लॅबकडून. आणखी आठ दिवस थांबलो. दुसऱ्यांदा कागद कोरडा निघाला, तेव्हा अण्णांना पुढच्या खोलीत हलवलं आणि चढून काम करायचा लाकडी घोडा आत आला.

खरडणं हे काम बघत बसावं असं आहे. उस्तादनं आधी छत पाण्यानं ओलं केलं. जुन्या घरांत कोरडं घासायचं नाही, धूळ उडते, आणि कुठल्या तरी थरात जुना ऑइल पेंट असतो. त्यात शिसं असायचं. घरगुती रंगात दशलक्षात नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियमच आपल्याकडं २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या भिंतींचा भरवसा कोण देणार. ओल्या छतावर पत्रा फिरायला लागला की आधी खर्र असा आवाज येतो, मग पडदा सुटला की सुर्र. लांबच लांब सालं निघतात, चिक्कूच्या सालांसारखी मऊ. उस्ताद नाकाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी घालून तिरपे उभे होते; छताखाली सरळ कुणी उभं राहायचं नाही, एवढंच त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. एक साल त्यांनी माझ्या हातात दिलं. बाहेरून पांढरं, आतून पिस्ता, मग फिकट गुलाबी (बहिणीच्या लग्नाचं वर्ष), आणि सगळ्यांत आत चुन्याची भुकटी. बोट फिरवलं तर बोट पांढरं.

"हे बघा," ते म्हणाले, "रंगाचा दोष नाही. रंगानं चुन्याला धरलंय पक्कं. चुन्यानं स्लॅबला धरलेलं नाही." म्हणजे दर चार-पाच वर्षांनी आम्ही जो महागातला रंग लावत होतो तो एका भुकटीवर लावत होतो. ती भुकटी अण्णांची. पहिल्या वर्षी पैसे संपले होते, म्हणून त्यांनी स्वतः चुना मारला होता. पत्र्याच्या डब्यात चुनकळी, वरून पाणी, फसफसून उठणारी वाफ, तो नाकात झोंबणारा गरम वास. मग त्यात नीळ, मूठभर मीठ, थोडा डिंक, आणि वाखाचा कुंचला. डब्याजवळ यायचं नाही म्हणून आम्हाला दटावलेलं. त्या चुन्यात काही वाईट नव्हतं. दरसाल चुन्यावर चुना मारत राहिलो असतो तर तो टिकलाही असता. आम्ही त्याच्यावर न धुता, न खरडता, प्रायमर न मारता प्लास्टिक चढवलं.

सगळं खरडून झाल्यावर उस्तादनं लाकडी मूठ घेऊन छत ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक, एका रेषेत. पंख्यापासून दोन हातांवर आवाज बदलला, डब झाला. तिथला गिलावा छिन्नीच्या एका फटक्यात ताटाएवढा खाली आला आणि आत सळई दिसली. गंजून फुगलेली, खरखरीत. सिमेंटच्या पोटात सळई वर्षानुवर्षं सुरक्षित असते, पण ओल आणि हवा पोचली की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. मग तो आतून गिलाव्याला ढकलतो. त्या ताटाएवढ्या तुकड्याखाली बरोबर अण्णांची उशी असायची. मी तो तुकडा उचलून बघितला. दोन किलो तरी होता. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला आणि बाहेर नेऊन ठेवला, अण्णा बसले होते त्या खोलीतून न नेता, मागच्या दारानं.

सळई तारेच्या ब्रशनं लख्ख केली, गंजरोधक लावलं, वर पॉलिमर मिसळलेला माल भरला. पुढचं सगळं सावकाश: धुणं, प्रायमर, पुट्टीचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, मग रंग. उस्ताद घासताना टॉर्च छताला आडवी धरायचे, म्हणजे उंचवट्याची सावली पडते. समोरून बघितलं तर सगळं सपाटच दिसतं. पांढऱ्यात दुकानदारानं सात पांढरे दाखवले आणि प्रत्येकाला कवितेतलं नाव होतं. आम्ही त्यातला सगळ्यांत स्वस्त घेतला.

अण्णा परत आपल्या पलंगावर आले. बराच वेळ वर बघत पडले. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी म्हणाले, "निजामाच्या आधीचा नकाशा दिसायलाय." म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आता दर दुसऱ्या रविवारी मी वर जातो. गुडघा तसाच आहे, जिन्याला मात्र दुसऱ्या बाजूनंही पाइप बसवून घेतला. पाल्याच्या जागी झाडू मारायचा, पाइपाचं तोंड बघायचं, बॉल हातानं उचलून सोडायचा. परवा, मृगाच्या आदल्या आठवड्यात, लिंबाचा पाला फार पडला होता, म्हणून पत्र्याची बादली ओढत इकडून तिकडं फिरत होतो. स्लॅब तापलेला, चपलेतूनही तळवे भाजत होते. कठड्यावर वरच्या पाच ओळी अजून वाचता येतात. बादली मोरीजवळ आपटली आणि खालून, खिडकीतून, अण्णांचा आवाज आला. चढा, करडा, मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं नेणारा.

"वर कोण नाचतंय रं?"

मी दोन पावलं चवड्यांवर टाकली, उगीचच. मग टाकीपाशी गेलो आणि तिच्या अंगावर वरून खाली बोटानं ठोकत आलो. टक, टक, टक. एका जागी आवाज जड झाला.

"मी आहे अण्णा," मी कठड्यावरून वाकून ओरडलो. "मागची टाकी पाऊण आहे."